बऱ्हाणपूरच्या वंशावळी आणि तारखांची नोंद : जामा मशिदीतील शिलालेखाच्या निमित्ताने

वंशावळ हे इतिहासलेखनाचे जुने आणि महत्त्वाचे साधन आहे. मुस्लिम समाजात तिला शजरा किंवा नसबनामा म्हणतात, तर मराठी दफ्तरांत वंशावळ किंवा कुर्सीनामा. दर्ग्याच्या सज्जादानशीन घराण्यांपासून काझी, खतीब, इनामदार आणि कारागीर कुटुंबांपर्यंत अनेकांकडे असे कागद आजही जपून ठेवलेले आढळतात. अलीकडच्या काळात महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या घरातील जुने कागद उतरवून काढण्याचे प्रकल्प करू लागले आहेत. ही निश्चितच समाधानाची बाब आहे. मात्र या कामात एक दोष वारंवार दिसून येतो. नावे काळजीपूर्वक उतरवली जातात, तारखा मात्र प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने लिहितो. कोणी हिजरी सन तसाच ठेवतो, कोणी त्याचे इसवी सनात रूपांतर करून मूळ सन गाळतो, तर कोणी केवळ आकडा लिहून तो कोणत्या सनाचा हे सांगतच नाही. परिणामी दहा विद्यार्थ्यांनी गोळा केलेले दहा शजरे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. या दोषाचे स्वरूप आणि त्यावरील उपाय समजून घेण्यासाठी बऱ्हाणपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

बऱ्हाणपूर : अनेक कालगणनांचे शहर

तापीच्या काठावरील हे शहर खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिरखानाने वसवले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर फारुकी राज्य संपले आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन सुभ्यांचे केंद्र बनले. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर ते निजामाकडून पेशव्यांकडे व पुढे शिंद्यांकडे गेले, आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. २००३ पासून ते मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे.

राज्य बदलले की दफ्तराची भाषा बदलली आणि भाषेबरोबर कालगणनाही बदलली. त्यामुळे एकाच घराण्याच्या बासनात हिजरी सनाचा फारसी कागद, जुलूस सनाची मोगल सनद, शुहूर सनाचे मोडी पत्र, फसली सनाची महसुली पावती, विक्रम संवताचे सावकारी खत आणि इसवी सनाचा इंग्रजी दाखला असे सर्व काही एकत्र बांधलेले असू शकते. अशा बासनावरून वंशावळ तयार करणाऱ्याने पाच-सहा कालगणनांचे आकडे एका रकान्यात भरले, तर त्या रकान्याला काहीच अर्थ उरत नाही.

शिलालेखाने दिलेला धडा

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत दोन भाषांतील शिलालेख आहेत. ही मशीद फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अलीखान (कारकीर्द १५७६ ते १५९७) याने बांधली. अरबी लेखाबरोबरच तेथे एक संस्कृत लेख कोरलेला असून रायबहादूर हिरालाल यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. मशिदीत संस्कृत लेख असणे ही गोष्ट सलोख्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वंशावळीच्या अभ्यासकासाठी या लेखाचे महत्त्व आणखी वेगळे आहे. त्यात बांधणाऱ्या सुलतानाची वंशावळ आहे आणि तारीखही आहे, तीही अत्यंत काटेकोर.

विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी नाम संवत्सर, पौष शुद्ध दशमी, सोमवार अशी ती तारीख आहे. तिच्याबरोबर नक्षत्र, योग, करण आणि लग्न यांचाही उल्लेख आहे. दोन सन, संवत्सराचे नाव, तिथी आणि वार असे परस्परांना साक्ष देणारे इतके तपशील असल्यामुळे ही तारीख पडताळून पाहता येते. शके १५११ ला दक्षिणेकडील गणनेनुसार विरोधी संवत्सरच येते. रूपांतर केल्यावर ज्युलियन पंचांगाप्रमाणे ५ जानेवारी १५९० हा दिवस मिळतो आणि त्या दिवशी सोमवारच होता. एखादा आकडा झिजला असता तरी उरलेल्या तपशिलांवरून तो भरून काढता आला असता. लेख कोरवून घेणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांच्या हाती केवळ तारीख नव्हे, तर ती तपासण्याचे साधनही ठेवले आहे.

अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. हिजरी ९९७ हे नोव्हेंबर १५८८ ते नोव्हेंबर १५८९ या काळात येते. संस्कृत लेखाचा दिवस मात्र हिजरी ९९८ च्या रबीउल अव्वल महिन्यात पडतो. म्हणजे दोन लेखांत काही महिन्यांचे तरी अंतर आहे. येथे उतरवून घेणाऱ्याची खरी कसोटी लागते. दोन्ही लेख एकाच इमारतीचे, म्हणून एक आकडा ‘दुरुस्त’ करून दुसऱ्याशी जुळवण्याचा मोह होतो. पण बांधकाम पूर्ण होणे आणि लेख कोरला जाणे या दोन वेगळ्या घटना असू शकतात. आकडे जुळवून टाकले तर हा प्रश्न विचारण्याची शक्यताच नाहीशी होते. ज्याने दोन्ही तारखा जशाच्या तशा ठेवल्या, त्याने इतिहासाची सेवा केली असे म्हणता येईल.

राजांची यादी आणि रक्ताचे नाते

संस्कृत लेखातील वंशावळ अशी आहे : राजा मलिक, त्याचा पुत्र गजनी (हाच नासिरखान), त्याचा कैसरखान, त्याचा हसन, त्याचा आदिलशाह, त्याचा मुबारक आणि त्याचा पुत्र मशीद बांधणारा आदिलशाह. ही नावे खानदेशच्या सुलतानांच्या यादीशी ताडली तर गोंधळ उडतो, कारण कैसरखान आणि हसन हे गादीवर बसलेच नव्हते, तर यादीतील अनेक सुलतानांची नावे लेखात नाहीत. यात चूक काही नाही. लेखात राज्यावर कोण कोण बसले हे दिलेले नसून बाप-लेकाचे नाते दिले आहे. सत्ता नासिरखानाच्या एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे गेली ती १५०९ मध्ये, तिसरा आदिलखान गादीवर आला तेव्हा.

याच वंशावळीत आदिलशाह हे नाव दोनदा येते. आजोबा आदिल, नातूही आदिल. घराण्यात या नावाचे एकूण चार सुलतान होऊन गेले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्या समाजात आजही सर्वत्र आहे. कोणताही शजरा उघडला तरी दोन अब्दुल करीम आणि तीन मुहम्मद इब्राहीम त्यात सापडतातच. अशा एकाच नावाच्या माणसांना वेगळे ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे तारीख. ती चुकली की दोन माणसे एक होतात किंवा एका माणसाची दोन माणसे होतात. एक आख्खी पिढी गळते किंवा नसलेली पिढी उभी राहते.

हे कसे घडते ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका इनामदार घराण्याच्या फारसी कागदात वडिलांचे निधन हिजरी ११८५ मध्ये झाल्याची नोंद आहे. पेशवाईतील मोडी पत्रात मुलाच्या नावे इनाम चालवल्याचे वर्ष ‘सीत सबैन मया व अलफ’ असे अरबी अंकशब्दांत दिले आहे. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे ११७६. विद्यार्थी दोन्ही आकडे हिजरी समजून लिहितो. मग वडील मरण पावण्याच्या नऊ वर्षे आधीच मुलगा वारस झालेला दिसतो. हे अशक्य वाटल्याने तो कल्पना करतो की इनाम मिळालेला इसम त्याच नावाचा कोणी वडीलधारा असावा, आणि शजऱ्यात एक नाव वाढवतो. प्रत्यक्षात मोडी पत्रातील सन शुहूर आहे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यास इसवी सन मिळतो, म्हणजे १७७५-७६. हिजरी ११८५ म्हणजे १७७१-७२. मुलगा वडिलांच्या पश्चात रीतसर वारस झाला होता. सनाचे नाव न लिहिल्यामुळे एक काल्पनिक पूर्वज जन्माला आला. असा शजरा पुढे वारसाच्या किंवा वक्फाच्या वादात पुरावा म्हणून ठेवला गेला, तर त्याचे परिणाम केवळ अभ्यासापुरते राहत नाहीत.

नेहमी आढळणारे फरक

हिजरी वर्ष चांद्र आहे आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ६५ हिजरी वर्षे म्हणजे सुमारे ६३ सौर वर्षे. जुन्या कागदात एखाद्याचे वय ६५ लिहिले असेल तर ते कोणत्या वर्षांनी मोजले हे पाहिल्याशिवाय जन्मवर्ष काढू नये. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून फारसीतील ‘शब-ए-चहारशंबा’ म्हणजे आपल्या बोलण्यातील मंगळवारची रात्र होय. शिवाय चंद्रदर्शनावर महिना ठरत असल्याने गणिताने काढलेली तारीख एक-दोन दिवसांनी पुढेमागे होऊ शकते. दाऊदी बोहरा समाज मात्र तीस वर्षांच्या चक्रात अकरा लीप वर्षे धरणारे निश्चित गणिती पंचांग पाळतो. बऱ्हाणपूरजवळच्या दर्गाह-ए-हकीमीत विसावलेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचे निधन हिजरी ११४२ मधील आहे. अशा नोंदींसाठी चंद्रदर्शनावर आधारलेले कोष्टक वापरून चालत नाही.

मोगल कागदांतील जुलूस सन बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजतात. औरंगजेबाची जुलूस वर्षे १ रमजान १०६८ पासून धरली जातात. त्यामुळे एकाच हिजरी वर्षात दोन जुलूस वर्षे येतात. औरंगजेब नोव्हेंबर १६८१ मध्ये बऱ्हाणपुरास आला तेव्हा जुलूस २५ सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. अकबराचा इलाही सन तर सौर आहे. तो १५८४ मध्ये सुरू झाला, पण त्याची वर्षे १५५६ पासून मोजली गेली.

शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणजे ते सौर आहे. परंतु मोडी पत्रात त्याच्या शेजारी येणारा महिना हिजरी असतो आणि त्याच्या तारखेपूर्वी ‘छ’ हे अक्षर लिहिलेले असते. महिना मोहरम किंवा सफर पाहून वर्षही हिजरी असेल असे समजणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. फसली सनाचेही दोन प्रकार आहेत. दक्षिणेतील फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, तर उत्तरेतील फसलीत ५९२ किंवा ५९३. बऱ्हाणपूर दोन्हींच्या सीमेवर असल्याने कागद कोणत्या कचेरीतून निघाला हे आधी पाहावे लागते. तिथींचेही तसेच आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र वदी ठरतो. गुजराती व्यापाऱ्यांच्या वहीत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, तर उत्तरेत चैत्रात.

इसवी सनातील सापळा

रूपांतर करून इसवी सन लिहिला की प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तेही पूर्णपणे खरे नाही. १५८२ मध्ये युरोपातील कॅथलिक देशांनी ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले. इंग्लंडने ते सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारले आणि तोपर्यंत तेथे जुने ज्युलियन पंचांग चालू होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला बदलत असे. १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये बऱ्हाणपुरास आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो जुन्या पद्धतीने तारखा लिहितो, तर पुढे याच वाटेने आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये नव्या पद्धतीच्या देशातला. दोघांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर धरावे लागते.

मुमताज महलचे निधन बऱ्हाणपुरात १७ जिल्काद १०४० रोजी झाले. अबजद पद्धतीत ‘गैन’चे मूल्य १००० आणि ‘मीम’चे ४० धरतात, त्यामुळे ‘ग़म’ या दोन अक्षरी शब्दाची बेरीज नेमकी १०४० येते. या दिवसाची इसवी तारीख बहुतेक पुस्तकांत १७ जून १६३१ अशी, तर काही जुन्या पुस्तकांत ७ जून अशी आढळते. दोन्ही एकाच दिवसाच्या तारखा आहेत. पहिली ग्रेगोरियन, दुसरी ज्युलियन. आता शिवाजी महाराजांची जन्मतारीख पाहा. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. तिचे रूढ रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० हे ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याने १९ फेब्रुवारी १६३० आणि १७ जून १६३१ या दोन सुपरिचित तारखा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लिहिल्या आणि मधले दिवस मोजले, तर त्याचे उत्तर दहा दिवसांनी चुकते. मूळ हिजरी तारीख आणि मूळ तिथी मात्र दोन्ही बरोबरच आहेत.

अलीकडच्या नोंदींतही वेगळ्या प्रकारची अडचण असते. शाळेच्या दाखल्यावर अनेकांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असते. ती जन्माची नसून शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असते. उलट पीरजादा घराण्यांत उर्सामुळे निधनाचा दिवस आणि महिना पिढ्यानुपिढ्या अचूक लक्षात राहतो, पण वर्ष विसरले जाते. पहिल्या नोंदीत खोटा नेमकेपणा आहे, दुसऱ्या नोंदीत खरा अपुरेपणा. वंशावळीत दोन्हींची नोंद वेगवेगळ्या खुणेने झाली पाहिजे.

नोंदीची शिस्त

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी पुढील नियम सुचवता येतात.

१. प्रत्येक तारखेसाठी दोन स्वतंत्र रकाने असावेत. पहिल्यात मूळ कागदातील तारीख शब्दशः, वार-तिथीसह आणि चुकांसह उतरवावी. दुसऱ्यात रूपांतर द्यावे. पहिला रकाना कधीही दुरुस्त करू नये.

२. सनाचे नाव आकड्यापासून वेगळे करू नये. कागदात ते नसेल तर ‘सन दिलेला नाही’ असे लिहावे आणि आपला तर्क दुसऱ्या रकान्यात मांडावा.

३. रूपांतर ज्युलियन की ग्रेगोरियन हे सर्व गटाने सुरुवातीलाच ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे. कोणत्या जंत्रीवरून रूपांतर केले तेही नोंदवावे. स्वामीकन्नू पिल्लै यांचा १९२२ मधील ‘इंडियन एफिमेरिस’ हा ग्रंथ या कामी आजही उपयोगी आहे.

४. केवळ हिजरी वर्ष उपलब्ध असेल तर इसवी सनाची दोन वर्षे लिहावीत. ९९७ साठी १५८८-८९ असे लिहावे, निव्वळ १५८९ लिहू नये.

५. महिना अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत लिहावे. ५/१/१५९० ही तारीख भारतात ५ जानेवारी आणि अमेरिकेत १ मे अशी वाचली जाते.

६. अंदाजाने लिहिलेल्या, तोंडी मिळालेल्या आणि कागदावरील तारखांना तीन वेगवेगळ्या खुणा द्याव्यात.

संगणकावर नोंद करताना आणखी काळजी घ्यावी लागते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० पूर्वीची तारीख ही तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, त्यामुळे हे दोन्ही रकाने साध्या मजकुराचे ठेवावेत. वंशावळींच्या देवाणघेवाणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या गेडकॉम या मानकाच्या २०२१ मधील सातव्या आवृत्तीत ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीचे अशी चारच पंचांगे प्रमाण मानली आहेत. हिजरी आणि शक त्यात नाहीत. साहजिकच तयार संगणक-प्रणाली वापरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला मूळ तारीख टाकून देण्याकडे ढकलले जाते. ती टीपेच्या जागी का होईना, जपून ठेवण्याची सवय अध्यापकांनीच लावली पाहिजे.

समारोप

घरोघरीचे जुने कागद वाळवी, ओल आणि वाटण्या यांमुळे झपाट्याने नाहीसे होत आहेत. आज विद्यार्थी जी नक्कल करतो आहे, तीच उद्या एकमेव साधन ठरण्याचा संभव आहे. नकलेत रूपांतर चुकले तर ते पुढे कोणीही सुधारू शकेल, परंतु मूळ तारीखच गाळली गेली तर सुधारण्यासाठी हाती काहीच उरणार नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील लेख कोरवून घेणाऱ्यांनी बापापासून लेकापर्यंत सात नावे दिली आणि आपला दिवस दोन सनांत, संवत्सर, तिथी व वारासह लिहून ठेवला. म्हणूनच चारशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही आजोबा आदिल कोण आणि नातू आदिल कोण हे निश्चितपणे सांगता येते. वर्गातील प्रत्येक शजऱ्यात आजोबा आणि नातू असेच ओळखू यावेत, एवढी अपेक्षा अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ठेवली तरी पुष्कळ काम होईल.